तोडणार होतो, असं म्हणा

२३ एप्रिल

सरपंच झाले तेव्हा प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या, रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं हलकं होतं. दोन वर्षांत डोकं पुष्कळदा जड झालं, पण वही काही उघडली नाही. आज उघडली, कारण जे पाहिलं ते घरात बोलायची सोय नाही. घरात बोललं की सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, कानावर जातं, आणि त्यांच्या कानावर गेलं की ते काठी घेऊन तलावाकडे निघतात.

सकाळी उपसरपंच अंगदभाऊंबरोबर पाझर तलावावर गेले होते. खालच्या वस्तीतली भीमाबाई भिंतीच्या पायथ्याशी म्हैस चारत होती. मला बघून खूश. "सरपंचबाई, बघा की, ऐन उन्हाळ्यात कसलं हिरवंगार गवत! देवाचीच किरपा." अंगदभाऊ माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. आमच्या पारनेर तालुक्यात एप्रिलात हिरवं गवत कुठे दिसतं? पाणी झिरपतं तिथेच. मातीची भिंत आतून गळतेय.

गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सांडवा ढासळला आणि दगडमातीने बुजला. जादा पाण्याला बाहेर जायची तीच एक वाट होती. आता तलाव भरला तर पाणी भिंतीवरून जाणार, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की भिंत राहत नाही. खाली लगेच वस्ती आहे. भीमाबाईचं घर सगळ्यांत पहिलं.

तालुक्याला पुन्हा फोन केला. साहेब म्हणाले, अंदाजपत्रक वर पाठवलंय, मंजुरी आली की बघू. मी म्हटलं, पाऊस मंजुरीसाठी थांबेल का? ते हसले. मी विनोद केला नव्हता.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. पुण्याहून पार्थ नावाचा मुलगा आला होता. पायात पांढरे बूट, बोलणं गोड. त्याची कंपनी गावोगावच्या जंगलांचा कार्बन विकते. हे मला महिन्यापूर्वी त्याने दोनदा समजावलं होतं, तेव्हा कुठे अर्धं समजलं. युरोपातल्या एका विमान कंपनीला स्वतःचा धूर कमी झाला असं दाखवायचंय. तर ती आमच्यासारख्या गावाला मदत करणार, गाव डोंगरावरची झाडं राखणार, झाडं धूर शोषणार आणि तो धूर विमान कंपनीच्या नावावरून वजा होणार.

मागून गोरक्षनाथ ओरडला, "आरं पन झाडं तर कवाची उभी हायेत. आजवर काय उपाशी हुती व्हय?"

सभा हसून लोळली. पार्थही हसला, पण जरा घाईने.

आमच्या बोरदऱ्याचा डोंगर बत्तीस वर्षांपूर्वी मुंडण केल्यासारखा होता म्हणतात. मी तेव्हा या गावात नव्हते. आबांनी घरोघरी फिरून माणसं गोळा केली, चर खणले, डोक्यावरून पाणी वाहून झाडं जगवली. मग सगळ्या गावाने मारुतीपुढे बेलभंडारा उचलला, की डोंगराला कुऱ्हाड लावणार नाही. त्या दिवसापासून घरोघरच्या कुऱ्हाडी देवळामागच्या खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. मयत झाली तरच एक कुऱ्हाड मिळते, तीही वाळलेल्या लाकडापुरती. ज्याने नेम मोडला त्याने वर्षभर ग्रामसभेत तोंड उघडायचं नाही. आजवर तीन जण गप्प बसलेत, त्यात आबांचा सख्खा भाऊही.

पार्थने शेवटी महत्त्वाचं सांगितलं. कंपनीची पाहणी पास झाली, की तलावाची भिंत आणि सांडवा ते स्वतः मशीन लावून दुरुस्त करून देणार. पावसाच्या आधी भिंत, नंतर सांडवा. कधी न बोलणाऱ्यांचे हातसुद्धा वर गेले. ठराव एकमताने मंजूर.

आज झोप लागेल.

६ मे

झोप उडाली.

पार्थ एकटाच घरी आला. हे (हनुमंत, माझे यजमान) दूध संकलन केंद्रावर होते, आबा देवळात. चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, अडचण एकच आहे. तुमचं गाव फार चांगलं आहे."

मी म्हटलं, ही अडचण आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती.

मग त्याने नियम सांगितला. जे जंगल तसंही राहणारच होतं, त्यासाठी कुणी काही देत नाही. मदत मिळते ती धोक्यात असलेल्या जंगलाला. गाव झाडं तोडायच्या बेतात होतं, कंपनी आली म्हणून थांबलं, असं दिसलं पाहिजे. पाहणीला जे साहेब येतील ते गावकऱ्यांना हेच विचारणार.

"मग आम्ही काय सांगायचं?"

"तोडणार होतो, असं म्हणा. एवढंच."

मी रागावले. म्हटलं, रोज दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला, आता मारत नाही म्हणून बक्षीस, आणि ज्याने कधी हात उगारला नाही त्याला कपभर चहा, असाच हा न्याय झाला की. पार्थने मान खाली घातली. "नियम मी केले नाहीत, वहिनी. ज्यांनी केले ते बोरदऱ्याला आलेलेही नाहीत. पण भिंत तुमची आहे."

मुलगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ हाकलून दिला असता.

९ मे

एक वाक्य. तेवढं बोललं की भिंत होते. या वाक्याने कुणाचं नुकसान होतं? इथे तरी कुणाचं नाही. तिकडे विमानाच्या तिकिटावर हिरवं पान छापतील, छापू देत. मी तीन दिवस मनाला हेच सांगतेय.

आज दूध केंद्रावर मोजकी माणसं बोलावली आणि सगळं उघड सांगितलं. मला वाटलं होतं, लोक संतापतील कंपनीवर. ते घाबरले, तेही भलत्याच गोष्टीला.

अंगदभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमी सांगाल ते करू. पन ह्ये आमच्या तोंडून व्हायचं न्हाई. बेलभंडारा उचललाय आमी."

"भाऊ, तोडायचं नाहीये. नुसतं म्हणायचंय."

"म्हनलं काय आन केलं काय, देवाला सारखंच."

मी म्हटलं, पीकविम्याच्या माणसासमोर तुम्ही किती खरं बोलता ते मी पाहिलंय. गोरक्षनाथ म्हणाला, "ते निराळं. तिथं मारुती न्हाई मधी."

हात टेकले. शेवटी ठरलं असं: साहेबांशी मी बोलणार. बाकीचे मागे उभे राहणार आणि माना खाली घालणार. मी बाहेरगावाहून आलेली, बेलभंडारा उचलला तेव्हा मी शाळेत होते, म्हणून मला दोष कमी, हे त्यांनी आपसात ठरवूनही टाकलं. किती सोयीची सून मिळालीय गावाला.

१२ मे

अवेळी पाऊस. दुपारी तासभर असा कोसळला की अंगणात पाणी उभं राहिलं. थांबल्यावर तलावावर धावले. गवताखालून आता झिरपा नाही, करंगळीएवढी धार दिसते. पाणी गढूळ होतं. हे म्हणाले, "गढूळ आहे म्हणजे माती घेऊन येतंय." मला ते कळलं होतं, पण त्यांनी बोलून दाखवल्यावर तशीच वस्तीकडे निघाले.

वस्तीतल्या लोकांना शाळेत हलवायचं म्हटलं. काही तयार झाले. भीमाबाई म्हणाली, "म्हशीला घेनार का शाळंत? मंग बोला." मी तिच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं. म्हैस सोडून तिला आहे कोण.

पार्थचा फोन. पाहणी एकोणीसला.

१४ मे

आबांना शेवटी कळलंच. अंगदभाऊंना पोटात काही ठेवता येत नाही.

मी भाकरी थापत होते. आबा चुलीपाशी पाट घेऊन बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते टेकत नाहीत, ताठ बसतात. म्हणाले, "काय बोलनार हायेस त्या सायबाम्होरं?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ताट भिरकावतील. पण त्यांनी नुसतं विचारलं, "भित किती दिस काढंल?"

"मोठा पाऊस झाला तर एक दिवस नाही."

"आन कंपनी आली तर?"

"तर पावसाआधी भिंत होईल, आबा."

मीच बोलत राहिले, की मी काय हौस म्हणून खोटं बोलतेय का, भीमाबाईच्या अंगावर पाणी आलं तर तुमचा खरेपणा तिला वाचवणार आहे का. सून म्हणून जेवढं बोलू नये तेवढं बोलले. त्यांनी काही मनावर घेतल्यासारखं दिसलं नाही.

"तू सरपंच हायेस," ते म्हणाले. "तू बोललीस म्हंजी गाव बोललं. तुझं एकटीचं ते न्हाई ऱ्हात."

"मग दुसरा रस्ता सांगा."

त्यांनी भाकरी अर्धी केली. "आन समज, कुनी खरंच तोडलं, तर मंग ते बोलनं खोटं न्हाई ना ऱ्हात?"

मी म्हटलं, आबा, कुणी तोडणार नाही, आणि तुम्ही आता भलतं काही काढू नका. ते "बरं" म्हणाले आणि जेवले. अर्धीच भाकरी खाल्ली. आबा थकत चाललेत, बोलताना कुठलं कुठे नेतात.

१८ मे

उद्या पाहणी. पाठ करतेय. "साहेब, परिस्थिती अशी होती की गावाने झाडं तोडायचं ठरवलं होतं." हिंदीत म्हणताना बरं वाटतं, आपलं नसल्यासारखं.

ह्यांनी विचारलं, काय पुटपुटतेस? म्हटलं, मारुतीस्तोत्र.

१९ मे

क्रमाने लिहिते, नाहीतर नीट लिहिणं होणार नाही.

सकाळी आबा घरात नव्हते. देवळात असतील म्हणून कुणी शोधलं नाही. दहाच्या सुमाराला पार्थ पाहणीच्या साहेबांना घेऊन आला. बेहेरा साहेब, ओडिशाचे, पन्नाशीचे, सावळे, कमी बोलणारे. बरोबर अंगदभाऊ, गोरक्षनाथ आणि आणखी काही माणसं. आम्ही डोंगर चढायला लागलो. मी मनात वाक्य घोळवत होते.

पहिल्या वळणाच्या वर, करंजांची रांग आहे तिथे, अंगदभाऊ एकदम थांबले. त्यांच्या तोंडून "अरारारा" एवढंच आलं.

दोन करंज आणि एक कडुलिंब आडवे पडले होते. पांढरे ढलपे सगळीकडे. बुंधे ओले होते, आणि बुंध्याशेजारी दगडावर आबा बसले होते. मांडीवर कुऱ्हाड. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

गोरक्षनाथने टोपी काढून हातात घेतली, माणूस गेल्यावर काढतात तशी.

साहेबांनी मला हिंदीत विचारलं, ही कुणी तोडली? मी विचारायच्या आधीच आबांना कळलं. "म्या तोडली," ते म्हणाले. मी हिंदीत सांगितलं. का तोडली? "गरज पडली." मी सांगितलं. आणखी तोडाल का? आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्ना गरज पडली तर तोडीन. सांग त्यास्नी." मी सांगितलं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

पार्थ फोटो काढत होता. त्याचा चेहरा असा उजळला होता की त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

बेहेरा साहेबांनी कुऱ्हाड मागून घेतली. पात्यावर गंजाचा लाल थर होता, फक्त धारेकडे खरवडलेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग आबांचे हात हातात घेतले, तळवे उलटे करून पाहिले. पाण्याचे फोड आले होते, दोन फुटलेले. दुखतंय का, त्यांनी विचारलं. आबांना हिंदी येत नाही, तरी नाही म्हणाले. साहेब बराच वेळ हात धरून तसेच उभे राहिले. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, चला. मला जे विचारायचं ते त्यांनी विचारलंच नाही. पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

घरी चहा झाला. साहेबांनी गळक्या भिंतीबद्दल विचारलं, वस्तीत माणसं किती ते विचारलं. मग आपल्या गावाचं सांगायला लागले, की त्यांचं गाव समुद्रकाठी होतं, शाळा, देऊळ, घर सगळं आता पाण्याखाली आहे, समुद्र दर वर्षी थोडा आत येतो. मी म्हटलं, अरेरे. माझं लक्ष नव्हतं, मी परसात हात धुणाऱ्या आबांकडे बघत होते. जाताना साहेब आबांच्या पाया पडले. परप्रांतातली माणसं फार संस्कारी असतात.

पाहणी पास.

सगळे गेल्यावर मी आबांना बोलले. माझा तोल गेला होता. "मी एक वाक्य बोलले असते, झाडं उभी राहिली असती! खोटं बोलायला नको म्हणून जिवंत झाड तोडायचं, हा कसला खरेपणा, आबा?"

ते हळदीचं बोट फोडांवर लावत होते. म्हणाले, "तू बोलली असतीस तर साऱ्या गावाचा सबूद मोडला असता. म्या तोडली, म्हंजी म्या तोडली. माझ्यापुरतं ऱ्हायलं ते." आणि मग, "माझ्या हातची लावलेलीच घेतली. दुसऱ्याच्या हातचं एकबी न्हाई."

मला अजूनही वाटतं ते चुकले. झाडाला काय माहीत खरं कोण आणि खोटं कोण. पण त्यांच्या जागी मी चुकले असते की नाही, हे सांगता येत नाही. दोन्हीकडून विचार करून डोकं फुटायची वेळ आली.

२२ मे

खास ग्रामसभा घ्यावी लागली. आबांनीच मागणी केली. नेम मोडणाऱ्याचं नाव सरपंचाने सभेत वाचायचं असतं.

का तोडली ते सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणीही ते म्हणत नव्हतं. खालच्या वस्तीतले सगळे पुढे येऊन बसले होते. भीमाबाई पदर तोंडात धरून बसली होती. अंगदभाऊ उठून म्हणाले, "ह्यांच्यापायी ह्यो डोंगर हाय. माफ करा, ठराव मी मांडतो." हात वर जायला लागले.

आबा उठले. "माझ्या भावाला माफ केलं न्हवतं म्या," ते म्हणाले. "वाच, रोहिणी."

वाचलं. सासऱ्याचं नाव पूर्ण घेऊन वाचलं. एक वर्ष सभेत बोलण्यास बंदी. आबांनी किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि मागे, कट्ट्याच्या खाली, जिथे बंदीवाले बसतात तिथे जाऊन बसले.

कंपनीच्या कागदावर सही मीच केली. माझ्या नावाला कुठे काही बंदी नाही.

४ जून

मशीन आलं! पोकलेन आणि तीन डंपर. भिंतीचा पायथा उकरून काळी माती भरतायत, वर दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. भीमाबाई रोज सकाळी ड्रायव्हरला ताक नेऊन देते.

आबा लांब बांधावर बसून बघतात. जवळ येत नाहीत.

२७ जुलै

दोन दिवस झोडपला. काल संध्याकाळी पाणी भिंतीच्या वरच्या दगडापासून हातभर खाली होतं. सांडव्याचं काम अजून व्हायचंय, तिथे ह्यांनी आणि पोरांनी वाळूच्या गोण्या टाकून तात्पुरती वाट करून दिली. आम्ही सगळे पावसात भिंतीवर उभे.

भिंत टिकली. पायथा कोरडा. अंगदभाऊ चक्क नाचले.

भीमाबाईच्या घरात पाणी गेलं नाही. आज मी वही उघडली ती फक्त हे एक वाक्य लिहायला.

पण गोण्या किती दिवस पुरणार? सप्टेंबरचा पाऊस याच्या दुप्पट असतो. सांडवा झालाच पाहिजे.

८ ऑगस्ट

पार्थ आला. खुशीत होता. मोबाईलवर विमान कंपनीची जाहिरात दाखवली. निळं आकाश, पांढरं विमान, आणि कोपऱ्यात आबा. तोडलेल्या बुंध्याशेजारी, मांडीवर कुऱ्हाड. खाली इंग्रजीत लिहिलं होतं. मला अर्धं वाचता आलं, बाकीचं त्याने सांगितलं: पुंजाराम पोटासाठी झाडं तोडत असत. आता ते जंगल राखतात. तुमच्या प्रवासामुळे.

मी विचारलं, कुणाच्या प्रवासामुळे?

"प्रवाशांच्या, वहिनी. ते तिकीट काढतात, त्यातून हे सगळं होतं ना."

"मग त्यांनी विमानं कमी केली?"

"नाही, उलट दोन नवे मार्ग सुरू केलेत. ही जाहिरात त्याचीच आहे."

मी मोबाईल त्याच्या हातात परत दिला. म्हटलं, हा माणूस बत्तीस वर्षं एक फांदी तोडू देत नव्हता आणि तुम्ही त्याला लाकूडतोड्या करून जगाला दाखवताय? हे काढा. पार्थ गोंधळला, त्याला खरंच कळेना. "पण यात खोटं काय आहे? त्यांनी स्वतः सांगितलंय साहेबांना. तुम्हीच भाषांतर केलंत."

तो पुढे म्हणाला, पंधरा ऑगस्टला याचाच मोठा फलक गावात लावायचा आहे, मराठीतून. कंपनीचे वरचे लोक येणार. फलकाचं उद्घाटन झालं की सांडव्याचं काम सुरू. मी विचारलं, फलक नको म्हटलं तर? तो बुटावरची माती झटकत बसला.

बेहेरा साहेबांना फोन करून सगळं सांगून टाकावं असं वाटलं. नंबर काढलाही. मग वाटलं, त्या भल्या माणसाला उगाच फसवल्यासारखं वाटेल. आणि कळलं तर सांडवा गेला. फोन ठेवला.

११ ऑगस्ट

आबांना सांगितलं. अक्षरन् अक्षर सांगितलं, काही गाळलं नाही. ते शेंगा फोडत होते.

"खरंच हाय की," ते म्हणाले. "तोडली न्हाईत का म्या?"

"पोटासाठी तोडत होतात, असं लिहिलंय."

"कुनाच्या का हुईना, पोटासाठीच तोडली."

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, मग फलक. वेशीजवळ, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा उभा केलाय. कंपनीचे दोन साहेब पुण्याहून, एक गोरी बाई परदेशातून. सगळं गाव जमलेलं. मी पडदा ओढला.

आबांचा फोटो माणसापेक्षा मोठा. वर ठळक अक्षरात: पूर्वी कुऱ्हाड, आज रक्षण. पुंजाराम यांची कहाणी.

गाव वाचत होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते, ते कुजबुजणं पसरत मागपर्यंत गेलं आणि मग थांबलं. अंगदभाऊंनी हातातली काठी अशी आवळली की मला भीती वाटली, आता फलक फोडतात. गोरी बाई टाळ्यांसाठी हात उचलायच्या बेतात, आणि समोर कुणाचा हात हलेना. पार्थ माझ्याकडे बघत होता. मी माईक हातात घेतला. बोलायचं मी ठरवलं होतं. खरं काय ते सांगायचं, मग सांडव्याचं काय होईल ते होवो. पहिला शब्द जिभेवर आला आणि समोरच्या रांगेत भीमाबाई दिसली. नवं लुगडं नेसून आली होती.

तेवढ्यात मागून टाळी वाजली.

वेशीच्या कट्ट्याच्या खालून, एकट्याची. आबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. सभेत बोलायची बंदी आहे, टाळीची नाही. ते माझ्याकडे बघून वाजवत होते, थांबत नव्हते. मग भीमाबाईने वाजवली. मग वस्तीतल्या लोकांनी, मग सगळ्यांनी. अंगदभाऊ रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. गोऱ्या बाईचेही डोळे भरून आले. तिला वाटलं, लोक आनंदाने रडतायत.

मी माईक खाली ठेवला आणि नारळ फोडला.

घरी आल्यावर आबांना पाणी दिलं. त्यांच्या पायाशी बसले आणि रडले, लाज वाटली नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घट्टे नाहीत त्या तळव्याला, फोडांची कातडी निघून गेलीय.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, चौकशी करावी तसं, "ती इमानं वाढवली म्हनलीस न्हवं त्यांनी?"

"हो आबा. दोन मार्ग."

"म्या तीन झाडं तोडली, मला वरीसभर गप बसवलं. बराबर केलं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "त्यांच्या गावात अशी सभा न्हाई का गं?"

सांडव्याला सोमवारी मशीन येणार आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं.